दात कुठे बघायचे

दा खुरेच्या बाजारात उणे अठ्ठावीस.
ओळीने उभ्या जपानी हायब्रिड गाड्या,
स्टिअरिंग उलट्या बाजूला,
काचेवर ओसाकाच्या कुठल्याशा दवाखान्याचा
पार्किंगचा परवाना अजून तसाच.
विकणारा म्हणाला, "चालू आहे."
मी बॉनेटला कान लावला.
काहीच नाही.
"चालू आहे," तो पुन्हा म्हणाला,
आणि गाडी माझ्या बुटांकडे
मांजरासारखी वीतभर सरकली.

घोडा घेताना वडील आधी जबडा उघडत.
दात बघून वय सांगत, आणि चुकत नसत.
एकदाच चुकले; त्या घोड्याला मग मरेपर्यंत
विकणाऱ्याच्या नावाने हाक मारत राहिले.
हिची बॅटरी मागच्या सीटखाली.
हिचे दात कुठे बघायचे?
"तेरा वर्षांची आहे," तो म्हणाला,
"पण जपानी वर्षं ती. गुळगुळीत रस्त्यांची."

घरी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून
मी हिशेब मांडला.
आपली रशियन जीप : शंभर किलोमीटरला सोळा लिटर.
ही : साडेचार, असं तो म्हणतो,
म्हणून मी सहा लिहिले.
हिची बॅटरी गेली, तर अख्ख्या हिवाळ्याचा कोळसा
आणि वर मेहुण्यापुढे हात.
जीप गेली, तर एक हातोडा, थोडी तार,
आणि वडिलांकडून आलेली एक शिवी.
जीप नदीत उतरते, पलीकडे निघते,
छोइजिलच्या तंबूच्या दारात जाऊन थांबते.
ही काठावर उभी राहून
जपानीत काहीतरी समजावून सांगेल.

ओयुनगेरेलने कागदाकडे पाहिलंही नाही.
ती सुईण आहे, तिचा फोन
रात्री तीनलाच वाजतो.
मग मी ब्लो-टॉर्च घेऊन जीपच्या पोटाखाली आडवा,
गोठलेलं तेल सैल होईपर्यंत
वीस मिनिटं. कधी चाळीस.
"बाळं तुझ्या तेलासाठी थांबत नाहीत,"
ती म्हणाली. आवाज न चढवता.
आणि चहात मीठ घातलं.
गेल्या जानेवारीत एक थांबलं नव्हतं.
त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

आता जे मी तिला बोललो नाही, ते.

चिंगेल्तेईच्या चढावर, पाण्याच्या टपरीपाशी,
जीप गिअर बदलते आणि खोकते.
बासार झोपेतच कान उभे करतो.
मी चुलीवर पातेलं ठेवतो.
ती आत येते तेव्हा चहाला उकळी फुटलेली असते.
नऊ वर्षं तिला वाटत आलंय
की ती येतेय हे मला आपोआप कळतं.
मीही कधी नाही म्हणालो नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
लिटरच्या, की तुगरिकच्या?

घेतली.
चाकांवर दूध शिंपडलं,
ते रबरावरच गोठलं, पांढरे ठिपके,
कुणी गाडीला गोंजारून गेल्यासारखे.
सोलोंगोने एक बटण दाबलं;
आतली बाई अतिशय अदबीने
समुद्राकडे वळायला सांगू लागली असावी.
इथून समुद्र किती लांब, सोलोंगोने विचारलं.
मी म्हणालो, पेट्रोल पुरेल.
जीप अंगणात, गोधडी पांघरून.
विकू म्हणतो. म्हणतोच.

पहिल्याच रात्री तीनला फोन.
ओयुनगेरेल बाहेर पडली, कळ दाबली,
आणि गेली. एवढंच.
मी टॉर्च हातात घेऊन दारात उभा.

पाच वाजले. सहा.
मी चढाकडे कान लावून बसलो.
लांब कुठेतरी कुत्री, शेगडीत कोळसा तडकत होता.
बासार घोरत होता.
आणि दार उघडलं.
पापण्यांवर दहिवर, हातमोजे दातांनी ओढत
तिने आधी चुलीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
"आज नाही कळलं?"

"मुलगा की मुलगी?" मी विचारलं,
आणि पातेलं शोधायला उठलो.